बॉम्ब घेऊन चाललेले पाय

आईला कमी ऐकू येतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, फक्त आईला मान्य नाही. तिच्या मते हल्ली लोकच पुटपुटायला लागलेत. बातम्या देणारी बाई पुटपुटते, डॉक्टर पुटपुटतो आणि मी तर म्हणे जन्मापासूनच पुटपुटते. मी गाडी शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "क्लच, अहो क्लच!" असं ओरडणं हाच माझा धंदा आहे. माझा आवाज सिग्नलच्या पलीकडे जातो असं चौकातल्या पोलिसानेच मला सांगितलंय. पण आईपुढे बोलायची सोय नाही. तिने उभं आयुष्य कानांवर काढलं, ते कान गेले असं ती कशी कबूल करेल?

ती चित्रपटांसाठी आवाज काढायची. पडद्यावर माणूस चालतो, दार लोटतो, जिन्यावरून गडगडत खाली येतो, ते बरेचसे आवाज नंतर एका बंद खोलीत बसून तयार करावे लागतात. खडीने भरलेले ट्रे, लाकडी फळ्या, जुने बूट, ओली फडकी, गंजलेल्या बिजागऱ्या असा तिचा संसार होता. ओल्या फडक्यात वाळकी काटकी गुंडाळून मोडली की पडद्यावर कुणाचा तरी हात मोडायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया ऑफिसला जाऊन हातपाय मोडतात.

तिने शेकडो चित्रपट केले असतील. पण आमच्या घरी नुसतं "पिक्चर" म्हटलं की एकच. चोरीला गेलेल्या दोन अणुबॉम्बचा. चोर धमकी देतो, सरकारची पाचावर धारण बसते आणि एक गुप्तहेर बॉम्ब शोधायला निघतो. पहिला बॉम्ब जहाजाच्या पोटात सापडतो. दुसरा असतो एका बंद पडलेल्या खाणीत, शहराच्या खाली. तो निकामी करू शकणारा म्हातारा शास्त्रज्ञ वर, खाणीच्या तोंडाशी. खाणीतून वर नेणारा पाळणा मोडलेला, वेळ संपत आलेला. मग नायक तो बॉम्ब दोरीने पाठीला बांधतो आणि खडीचा लांबलचक चढ चढायला लागतो. त्या सगळ्या चढात संगीत नाही, एक शब्द नाही. फक्त पावलं. एकेका पावलाला थिएटरमधली माणसं श्वास धरून बसायची, असं जुने लोक अजून सांगतात.

नायकाच्या त्या चेहऱ्याला बक्षिसं मिळाली. पण चेहरा काय, तोंड वाकडं केलं की झालं, असं आईचं मत. माणसांना खुर्चीला खिळवलं ते पावलांनी. ती पावलं आईची आहेत, ही आमच्या घराण्याची सगळ्यात मोठी इस्टेट. दुसरी नाहीच.

त्या इस्टेटीवर एका सकाळी घाला आला. घाला घालणारा माणूस दिसायला अगदी सज्जन होता. तिशीतला, नीट कापलेली दाढी, चपला दाराबाहेर सरळ रेषेत काढून आत आला. तो जुने चित्रपट दुरुस्त करायचा, आवाजाची बाजू त्याच्याकडे. 'पिक्चर' पुन्हा मोठ्या पडद्यावर लागणार होता.

"शेवटच्या भागाला ओल लागली होती, मावशी," तो आईला म्हणाला. "चित्र कसंबसं वाचलं, आवाज वाचला नाही. दुसरी एक प्रत मिळाली, त्यातून संवाद घेतले. पण त्या प्रतीत कुणीतरी तो चढच कापून टाकलाय. कंटाळवाणा वाटला असेल."

"काय वाटला?" आईने विचारलं.

"कंटाळवाणा!" मी ओरडले.

आईने त्या न पाहिलेल्या कात्रीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाहुण्याने तो शांतपणे ऐकून घेतला. पोरगा बरा आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"तर आता चढ आहे, पण मुका आहे," तो पुढे म्हणाला. "आमच्याकडे पावलांचे तयार आवाज असतात, त्यातले बसवता येतील. पण तुम्ही ओझ्याचा आवाज कसा काढला होता तेवढं विचारावं म्हणून आलो."

"तयार आवाज म्हणजे कुणाचे?"

"ते नाही माहीत, मावशी."

"म्हणजे माझ्या बॉम्बखाली कोण कुठला माणूस चालणार, ते तुलाही माहीत नाही." आई उठून उभी राहिली. "विचारायचं काय त्यात? मीच करते."

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरून पडली होती. कमरेत सळई आहे. मी त्याची आठवण करून दिली, तर म्हणाली, "मी कमरेने चालते का? पायांनी चालते."

पोरगा खोटं बोलला नाही. म्हणाला, काम आठवडाअखेर द्यायचंय, रेकॉर्डिंगची खोली एकच दिवस मोकळी आहे. त्या दिवसात जमलं तर आनंदच, नाहीतर तयार पावलं लावावी लागतील. आईने मान डोलावली. तिला किती ऐकू आलं देव जाणे, पण एवढं नक्की कळलं होतं की त्या दिवसात जमलं नाही तर तिची पावलं जगातून गेली.

मी सुट्टी घेतली. माझ्या शिकाऊ मंडळींना तेवढंच एक दिवस जीवदान.

रेकॉर्डिंगची खोली छोटी होती. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं, मधे लाकडी चौथरा, त्यावर खडीचा लांब ट्रे, समोर पडदा. काचेपलीकडे पोरगा आपल्या यंत्रांपाशी. आई आत शिरली आणि दहा वर्षांनी लहान झाली. खडी हातात घेऊन तिने नाक मुरडलं. "ही तर बागेतली खडी. हिच्यावर प्रेमी चालतात." मग तिने ती चाळायला लावली, बारीक भुगा मिसळला, पाणी शिंपडलं. घरून आणलेले पुरुषी बूट चढवले. पुढे दोन मोजे कोंबलेले, कारण नायकाचा पाय मोठा. वाळूचं छोटं पोतं पाठीला बांधून घेतलं. मी नको म्हणत होते, पण माझं पुटपुटणं तिला ऐकू येत नाही.

पडद्यावर नायक चढायला लागला. आई चालायला लागली.

आणि मी सांगते, बघत राहावं असं चालत होती. नजर नायकाच्या खांद्यावर, पाय त्याच्या पायांत मिसळलेले. मला इतका अभिमान वाटला की मी काचेपलीकडे बघून पोराला मानेनेच खुणावलं, बघितलंस? तो मात्र माझ्याकडे बघतच नव्हता. त्याने यंत्र थांबवलं, हेडफोन काढला आणि मला आपल्याकडे बोलावून तो माझ्या कानांवर चढवला.

खडीचा आवाज होता. जड, ओला, खरा. आणि प्रत्येक पावलामागे आणखी एक आवाज होता. कट्. कट्. कट्.

आईचे गुडघे.

"काय झालं?" आई आतून ओरडली. "खडी चिकटतेय ना? मला वाटलंच." खडी बदलली. कट्. बूट बदलले. कट्. मग चौथरा पोकळ असल्याचा शोध लागला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आईनेच मला शिकवली होती. पोराने यंत्रावर ते कट् पुसून पाहिलं. पुसलं जायचं, पण पावलाचा जीवही सोबत जायचा. मग तो माझ्याकडे बघायला लागला. अशी कामं मुलीच्याच वाट्याला येतात.

मी आत गेले. "आई, तुझे गुडघे वाजतायत."

"काय?"

"गुडघे!"

"कुणाचे?"

"तुझे! गुडघे वाजतायत तुझे!"

त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत मी जन्मदात्या आईवर एखाद्या शिकाऊ ड्रायव्हरवर ओरडावं तशी ओरडत होते. कळलं तसा तिचा चेहरा उतरला. तिने पोतं सोडवून घेतलं, खुर्चीत बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. बराच वेळ सोडत होती. मग खाली बघूनच म्हणाली, "मला ऐकू नाही आलं."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. ऐकण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले होते, आणि आता वाटलं, कशाला ऐकलं.

पोरगा पाणी घेऊन आला. तिच्यासमोर उकिडवा बसला, म्हणजे तिला त्याचे ओठ दिसतील. "मावशी, मी तयार पावलं घेतो आणि जेवढी जड करता येतील तेवढी करतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," आई म्हणाली.

मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. ओलीचा, कात्रीवाल्याचा, गुडघ्यांचा. माझ्या नाकावर राग असतोच, तो त्या दिवशी पायांत उतरला. मी चपला फेकल्या आणि बूट ओढून घेतले. "मी चालते."

"तू?" आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला चालता कुठे येतं?"

"शिकव की मग!"

मी पोतं पाठीला बांधलं आणि चालले. आई गुडघे घडी करून चौथऱ्याच्या कडेला बसू शकत नव्हती, म्हणून खुर्ची जवळ ओढून वाकली आणि तळहात फळीवर टेकवला. एक डोळा पडद्यावर, एक माझ्या पायांवर.

"आधी टाकतेस पाय," ती म्हणाली. "दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक दाबून पायांना घाई लागलीय तुझ्या. ओझ्याखालचा पाय उशिरा येतो. पायाकडे बघू नकोस, त्याच्या खांद्याकडे बघ. खांदा पडला की मग पाय."

पुन्हा. पुन्हा. मी घामाघूम झाले. शेवटी काचेपलीकडून पोराने अंगठा वर केला. मी जिंकल्यासारखं आईकडे पाहिलं. ती मान हलवत होती.

"हा माणूस वाळू नेतोय."

"वाळूच आहे ना पाठीवर!"

"तेच तर. वाळू सांडली तर काय? झाडू आणायचा. बॉम्ब सांडला तर?" ती पोराकडे वळली. "पडलं तर आपलं काही राहणार नाही, असं ओझं लागतं. मग पाय आपोआप पडतो. तो शिकवता येत नाही."

"मग तेव्हा तुम्ही काय घेतलं होतं?" पोराने विचारलं. पुन्हा, मोठ्याने.

आईने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "हिला."

मला वाटलं, आता मलाच नीट ऐकू आलं नाही.

"तापाने फणफणली होती," आई सांगायला लागली. "ठेवायला कुणी नव्हतं. खाली ठेवली की भोकाड पसरायची. म्हणून चादरीने पाठीला बांधली, तशीच झोपली. उठली तर रेकॉर्डिंग गेलं, पडली तर पोर गेली. तो सगळा चढ मी हिला घेऊन चढले."

"आम्हाला तर कायम पोत्याचीच गोष्ट सांगितलीस!" मी म्हणाले.

"तापातली पोर कामावर नेली असं सांगितलं असतं, तर तुझ्या आजीने मला उभी फाडली असती. नंतर तीच गोष्ट बसून गेली तोंडात."

म्हणजे ज्या बॉम्बसाठी सरकारं हादरली, लष्कर हललं, माणसांनी थिएटरात खुर्च्यांचे हात घट्ट धरले, तो बॉम्ब मी होते. नाक वाहणारी, तापलेली. पोरगा माझ्याकडे जरा आदराने बघायला लागला, आणि खरं सांगते, मीही थोडी ताठ झाले.

आई खुर्चीचा आधार घेऊन उठली. "एखादी चादर आण. आणि माझा हात धर, या खुर्चीवर चढू दे मला."

"आई, कमरेत सळई आहे तुझ्या."

"आहे ना? मग पाडू नकोस."

पोरगा मधे पडला. म्हणाला, मावशी, एवढं करायची गरज नाही. तिने त्याला हाताने बाजूला सारलं. मला म्हणाली, "खांदा द्यायला वेळ आहे अजून. आज पाठ दे."

आम्ही दोघांनी मिळून तिला चादरीने बांधलं. वजन काहीच नव्हतं तिचं, वाळूच्या पोत्यापेक्षा थोडंसं जास्त. पण मी ट्रेच्या कडेला उभी राहिले आणि माझे पाय हलेनात. खडी ओली होती. बुटात मोजे कोंबलेले. डॉक्टर म्हणाला होता, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. आईची हनुवटी माझ्या खांद्यावर होती, तिचा श्वास मानेला लागत होता. पडद्यावर नायकाने दोरी आवळली आणि वर पाहिलं.

मी पाय टाकला. तो उशिरा पडला. मी ठरवलं नव्हतं, खाली काय आहे ते चाचपून, जागा पक्की झाल्यावरच तो अंगाचा भार घेत होता. पुढचाही तसाच. मी नायकाच्या खांद्याकडे बघत होते, पण मला तो दिसत नव्हता. एवढंच कळत होतं की पाठीवर माझी आई आहे आणि हिला वर न्यायचंय. मध्यावर टाच सरकली. खडी खळकन घसरली, आईचे हात माझ्या गळ्याभोवती आवळले आणि मी जागच्या जागी थिजले. पडद्यावर नायकही नेमका तिथेच भिंतीला टेकून थांबलेला होता. मग त्याचा खांदा पडला. मग माझा पाय.

नायक वर पोचला तेव्हा मी गुडघ्यांवर बसले आणि पोराने धावत येऊन आईला खुर्चीत उतरवून घेतलं. मी रडत होते, हे मला पोराने रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

त्याने रेकॉर्डिंग लावलं. मी बळेच घेऊन दिलेलं, एरवी पिशवीतच पडून असलेलं ऐकायचं यंत्र आईने कानात घातलं, मग कंटाळून काढून ठेवलं आणि स्पीकरवर दोन्ही तळवे टेकवून उभी राहिली. खडी घसरली त्या जागी तिच्या भुवया वर गेल्या.

"ते काढून टाकता येईल," पोरगा म्हणाला. मी तिला ओरडून सांगितलं.

"हात लावायचा नाही त्याला," आई म्हणाली. मग तळवे न काढता, "माझ्या चढात ते नव्हतं."

पिक्चर लागला तेव्हा आम्ही पहिल्याच दुपारच्या खेळाला गेलो. आईने ठेवणीतले कपडे घातले होते, केस दोनदा विंचरून घेतले होते. थिएटर भरलेलं. कानातलं यंत्र मोठ्या आवाजात शिट्ट्या मारतं म्हणून तिने आत शिरतानाच ते काढून पिशवीत टाकलं. म्हणजे तिला काहीच ऐकू येणार नव्हतं. मी रस्ताभर मनाशी ठरवलं होतं की आज ती शेजाऱ्याला ती पावलं तिची म्हणून सांगणार, आणि आपण बिलकूल मधे बोलायचं नाही. तिचीच आहेत ती. मी चालले ते तिच्या शिकवण्यावर आणि तिच्यासाठीच.

चढ आला. संगीत थांबलं. आईने माझ्या हातावर बोट ठेवून विचारलं, "सुरू झालं?" मी मान हलवली. ती पडद्याकडे बघेना. वळून माणसांकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याची बाही धरली होती. आईच्या पलीकडे एक जाडजूड गृहस्थ बसले होते, मगाचपासून पॉपकॉर्न चघळत. त्यांचा हात तोंडाजवळ नेता नेता तसाच थांबला होता. खडी घसरली आणि अख्खं थिएटर एकदम दचकलं. आईने ते डोळ्यांनी पाहिलं.

तिने त्या गृहस्थांना कोपराने ढोसलं. आपण किती मोठ्याने बोलतो हे तिला कळत नाही, आणि त्या शांततेत तर तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"ते पाय माझ्या मुलीचे आहेत!"

मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. तिला ते ऐकू आलं नाही. ती माझा दंड धरून मला वर उचलायला लागली.

"ही बघा, ही! माझी मुलगी! सगळा चढ हिने एकटीने चढलाय!"

चारी बाजूंनी शू शू व्हायला लागलं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर 'आईला गप्प करा' असं मीच त्यांना सांगितलं असतं. मी उठून उभी राहिले.